नकाशा बसवणारे चाचा

चाचांना कुणाचाच राग आला नाही असा एखादा दिवस कधी उगवला असेलच, तर तो त्यांच्या जन्माच्या आधीचा असणार. इतर माणसांना राग येतो आणि जातो. चाचांचा राग पगारी नोकर असल्यासारखा रोज वेळेवर हजर व्हायचा, रजा घ्यायचा नाही आणि निवृत्तही झाला नाही. सकाळी दूधवाल्यावर, कारण त्याचं माप डोळ्यांनी घेतलेलं असे. दुपारी वर्तमानपत्रावर, कारण छापलेल्या नकाशाशेजारी उत्तर दिशा दाखवणारा बाण नसे. संध्याकाळी देशावर, आणि मधल्या रिकाम्या वेळात माझ्या वडिलांवर. चाची म्हणायच्या, "ह्यांना राग आला की मी चहा टाकत न्हाई, राग गेला की टाकते. म्हनून आमच्यात पत्तीचा पुडा वरीसभर पुरतो." हे लिहिताना मीही रागातच आहे, पण माझा राग चाचांवर नाही. तो माझ्यावर आहे, आणि तो का हे सांगितल्याशिवाय मला चाचांबद्दल काही लिहिता येणार नाही.

चाचा म्हणजे नानांचे, माझ्या वडिलांचे, मोजणी खात्यातले दोस्त. नाना नांदेडच्या कचेरीत कारकून आणि चाचा तिथंच मोजणीदार. पुढं चाचांची बदली लातूरला, त्यांच्या मूळ गावी झाली. त्यांच्या घराण्यात दोन पिढ्या घड्याळं दुरुस्त करण्याचा धंदा होता. चाचांनी घड्याळं सोडून जमीन धरली, पण काटा मात्र रक्तातच राहिला. डावं आणि उजवं हे शब्द त्यांना शिवीसारखे लागत. "तुझं डावं का माझं डावं? मी फिरलो की डावं बी फिरतं. फिरत्या गोष्टीवर इमान कसं ठेवावं मानसानं?" असं ते विचारत, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या माणसावर चिडत. त्यांच्या घरात मिठाचा डबा 'दक्षिणेचा' होता आणि साखरेचा 'उत्तरेचा'. माझ्या आतेभावाचं लग्न मुदखेडला झालं, तेव्हा पंगतीत चाचांनी वाढप्याला सांगितलं, "ईशान्येची कोशिंबीर वाढ." त्यांच्या पानाच्या ईशान्य कोपऱ्याकडं कोशिंबिरीची परात होती, तिच्याबद्दल ते बोलत होते. वाढप्या बिचारा आचाऱ्याकडं जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "ती केली न्हाई म्हनतेत, काकडीचीच हाय." चाचा हात धुऊन उठले. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानाचं काही तरी बिनसलं, आणि ते नानांच्या पाया पडायला लागले.

रस्त्यानं चालताना ते पावलं मोजत. शंभर झाली की एक बोट मिटायचं, अशी त्यांची पद्धत होती, म्हणून त्यांच्या मुठीकडं पाहून ते घरापासून किती लांब आलेत हे ओळखीच्या लोकांना कळायचं. मोजत असताना ते कुणाशी बोलत नसत. एकदा गंजगोलाईकडं जाताना वॉर्डातल्या नगरसेवकानं त्यांना भर रस्त्यात मिठी मारली, निवडणूक जवळ आली होती. चाचांचा हिशेब तुटला. ते काही न बोलता मागं फिरले, घरापर्यंत गेले, उंबऱ्याला टाच लावली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. नगरसेवकाला वाटलं, म्हातारं मत देणार नाही. ते खरंच देणार नव्हते, पण ते वॉर्डाची हद्द चुकीची आखली होती म्हणून.

लातूरला शिकवण्यांचा बाजार भरला, तो नेमका चाचांच्या गल्लीत. ज्या घरांत चाळीस वर्षं एकच कुटुंब राहिलं, तिथं बघता बघता चार मजले चढले, खाली मेस, वर वसतिगृह आणि दर्शनी भिंतीवर पोरांचे फोटो. धर्माबादचा बाप, नायगावची आई, पत्र्याची पेटी आणि तिच्यावर बसलेलं रडवेलं लेकरू अशी वरात जूनमध्ये रोज त्या गल्लीतून जायची. त्या गल्लीत राहून न चिडणारा माणूस बहिरा तरी असावा किंवा क्लासचा मालक तरी. पण चाचा वेगळ्याच गोष्टीवर चिडायचे. कोपऱ्यावर मोजणीचा एक जुना दगड होता, अख्ख्या पेठेची मापं त्याच्यापासून धरलेली. एका क्लासवाल्यानं त्याच्यावर चपलांचं शेल्फ ठेवलं. चाचा भर तासात वर्गात शिरले. दोनशे पोरं भौतिकशास्त्र लिहून घेत होती. सर अदबशीर होते, म्हणाले, "काका, मुलांची परवा टेस्ट आहे." चाचा म्हणाले, "टेस्ट तेरवा बी व्हईल. दगड आज गेला तर तेरवा न्हाई." शेल्फ हललं, पण वर्षभरानं तिथं सिमेंटच्या फरश्या बसल्या आणि दगड खाली गेला. तेव्हापासून चाचा दर शुक्रवारी लाल रंगाचा डबा घेऊन जायचे आणि दगड ज्या फरशीखाली आहे तिच्यावर फुली काढायचे. पोरांच्या बुटांनी ती पुसली जायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा फुली.

मला त्या फुलीचं हसू यायचं. नानांना येत नसे. मी एकदा चाचांची नक्कल करत होते, तेव्हा नानांनी मला समोर बसवून आपाचं सांगितलं. आपा ही चाचांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळं तिनंच चाचांना लहानाचं मोठं केलं. भूकंपानं ज्या गावांचं मातेरं केलं, त्यांतल्या एका गावात ती दिलेली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या भागातल्या माणसांना ते सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. त्या पहाटे दगडमातीचं घर आतल्या माणसांवर बसलं. दफन सगळ्यांचं एकत्र झालं, त्यात आपा कुठं आहे हे सांगायला कुणी उरलं नाही. तिसऱ्या दिवशी चाचांना खात्याचा हुकूम आला की नवं गाव वसवायचं आहे, जमीन मोजा, प्लॉट पाडा. चार महिने तंबूत राहून त्यांनी जिवंत माणसांची घरं मोजून दिली. ते संपवून जुन्या गावाकडं गेले, तोवर बुलडोझरनं सगळं सपाट केलं होतं. ज्या माणसाला तालुक्यातला एकेक हद्दीचा दगड तोंडपाठ, त्याला स्वतःच्या बहिणीचं दार कुठं होतं ते सापडलं नाही. चाचांना एवढंच हवं होतं. आपाच्या उंबऱ्याच्या जागेवर तिच्या आत्म्यासाठी एकदा फातिहा पढायचा होता.

आणि ती जागा सापडणं शक्य होतं. निजामाच्या काळात त्या गावातल्या दोन शेजाऱ्यांचं बोळावरून भांडण लागलं होतं. ते इतकं पेटलं की सरकारनं वैतागून अख्ख्या गावठाणाचा घरवार नकाशा काढून घेतला, एकेका घराचा, दारासकट. तो नकाशा मिळाला की उंबरा मिळणार हे चाचांना माहीत होतं. पण दप्तरातला तो कागदांचा बस्ताच गायब होता. चाचांनी त्यासाठी किती अर्ज केले ते नानांनाही आठवत नव्हतं. प्रत्येक अर्जाला उत्तर यायचं की शोध चालू आहे. चाचा ते उत्तर घडी घालून खिशात ठेवायचे आणि पुढचे आठ दिवस जो भेटेल त्याच्यावर चिडायचे.

मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्याकडं जुन्या नकाशांचा प्रकल्प आला, तेव्हा मी स्वतः लातूरला जाऊन चाचांना बोलावलं. काम असं होतं की निजामकाळातले गावनकाशे स्कॅन करायचे आणि आजच्या उपग्रहाच्या चित्रावर नेमके ठेवायचे, म्हणजे कुठली पाणंद बुजली, कुठला ओढा वळला, कुठली वस्ती उठली ते संशोधकांना घरबसल्या दिसेल. जुन्या नकाशावर असलेली आणि आजही जागेवर असलेली चारपाच ठिकाणं शोधायची, दोन्हीकडं टिचकी मारून संगणकाला सांगायचं की हे म्हणजेच ते. मग संगणक जुना कागद ताणतो, फिरवतो, चिकटवतो आणि आपण किती मीटरनं चुकलो तेही सांगतो. कागदोपत्री याला भूसंदर्भीकरण म्हणतात. चाचांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला आणि म्हणाले, "नकाशा बसवणं म्हना की. कवळी बसवतेत, खिडकी बसवतेत, तसा नकाशा बसवायचा. ह्याला इतकं जड नाव कशाला देऊन राहिलेत?" आमच्या टेबलावर त्या दिवसापासून भूसंदर्भीकरण बंद झालं आणि नकाशे बसायला लागले.

दर मंगळवारी ते एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला यायचे. हातात भिंग, खिशात भाजलेले शेंगदाणे आणि चेहऱ्यावर कंडक्टरचा राग. नकाशावरची घसटलेली उर्दू अक्षरं आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हती. चाचा ती वाचायचे आणि लिहिणाऱ्याच्या हस्ताक्षरावर चिडायचे, जणू तो पलीकडच्या खोलीतच बसला आहे. मुदखेडचा नकाशा बसवला तेव्हा मात्र खूश होते, कारण रेल्वेचा रूळ आपली जागा सोडत नाही. प्रकल्पाचे मुख्य सर दूरच्या शहरात असत आणि दर पंधरवड्याला संगणकाच्या पडद्यावर येत. त्यांना एकाच गोष्टीशी मतलब होता, की चूक किती मीटरची, तो आकडा. आकडा लहान असला की ते म्हणत, "सुंदर." एकदा चाचांनी त्यांना मध्येच थांबवून सांगितलं, "साहेब, खुर्ची पूर्वेला फिरवा, तोंडावर उजेड यील. कुनाशी बोलून राहिलो ते दिसंना झालंय." सरांनी निमूटपणे खुर्ची फिरवली. आजवर सरांना कुणी काही सांगितल्याचं आणि त्यांनी ऐकल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आणि मग तो नकाशा सापडला. कुणी तरी कधी तरी चुकून धर्माबादच्या बस्त्यात बांधून टाकला होता. मी तो टेबलावर उलगडला. चाचांनी भिंग घेतलं, वाकले, बराच वेळ वाकून राहिले आणि मग एका चौकोनावर बोट टेकवून त्यातलं नाव वाचलं. आपाच्या नवऱ्याच्या पणजोबांचं नाव होतं ते. त्या दिवशी कागद कुरतडणाऱ्या कसरीवर तेवढे ते चिडले, बाकी कुणावर नाही, आणि त्यामुळं मी घाबरले. दोन दिवसांनी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाण्याआधी त्यांनी उपग्रहाच्या चित्रावर ओढ्याच्या वळणाजवळचा एक काळा ठिपका मला दाखवला. "ही गावची विहीर. हिला धर. बाकी काय बी धर, न धर, पर हिला धर." मी हो म्हणाले.

आता मी काय केलं ते सांगते. मी चार ठिकाणं शोधली: मारुतीचं देऊळ, लिंगायतांचा मठ, मोहरमचे पंजे ठेवतात तो आशुरखाना आणि चावडी. उपग्रहाच्या चित्रावर गावाचं नाव लिहिलेलं होतं आणि त्या नावाखाली ही चारही ठिकाणं दिसत होती. गाव उठून नवं वसलं हे मला माहीत होतं, पण मी विचार केला की घरं हलली असतील, देव काही हलणार नाहीत. जुन्या देवळांभोवतीच नवी घरं बांधली असतील. मी चार टिचक्या मारल्या. नकाशा असा बसला की चूक दोन मीटरही निघेना. इतका छान तर मुदखेडचाही बसला नव्हता. मग चाचांची विहीर घातली. ती पार दोन-अडीच किलोमीटर बाजूला, बाभळींत, आणि चुकीचा आकडा एकदम आभाळाला भिडला. मी पुन्हा पुन्हा घालून पाहिलं. शेवटी ठरवलं की म्हातारा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, आठवणीला पंचवीसहून जास्त वर्षं झालेली, काळ्या ठिपक्याला विहीर समजले असतील. आणि मी विहीर काढून टाकली. सरांना आकडा पाठवला. सर म्हणाले, "सुंदर." ज्या माणसानं जन्मात एक हात जमीन चुकवली नव्हती, त्याच्याहून मला त्या यंत्राचा भरवसा जास्त वाटला, आणि असं करताना आपण फार काटेकोर आहोत असंही मला वाटत होतं. हे आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

चाची त्याआधीच गेल्या होत्या. मुलगा हैदराबादला नोकरीत. त्यानं लातूरचं घर एका क्लासच्या वसतिगृहाला देऊन टाकलं आणि महिनाअखेर चाचांना घेऊन जायचं ठरवलं. एकदा तिकडं गेल्यावर या गुडघ्यांनिशी ते परत येणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. म्हणून मी गाडी केली, मोबाइलमध्ये बसवलेला नकाशा आणि मूळ नकाशाची कागदी प्रत घेतली आणि चाचांना त्या गावाला घेऊन गेले. वाटेत ते औशाच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर, ड्रायव्हरवर आणि डोळ्यांच्या डॉक्टरवर चिडत होते, कारण त्यानं हिरवा चष्मा दिला होता आणि त्यातून सगळंच शिवार पिकलेलं दिसत होतं.

गाव आलं. सरळ रेघेतले रस्ते, एकसारखी घरं. मी मोबाइल बघत पुढं, चाचा मागं; मी इथं कुणाला तरी वाट विचारायला उतरले असंच त्यांना वाटत होतं. पडद्यावरचा निळा ठिपका आपाच्या चौकोनावर आला तिथं मी थांबले. एका घराचा ओटा होता, त्यावर मिरच्या वाळत होत्या आणि एक स्कूटर उभी होती. मी म्हणाले, "चाचा, हेच. इथंच उंबरा." नकाशा मी बसवला याचा मला अभिमान वाटत होता, हे सांगायलाही आता लाज वाटते. चाचांनी चष्मा काढला. ओट्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मारुतीच्या कळसाकडं पाहिलं.

"विहीर कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"चाचा, ती जुळत नव्हती. मी काढून टाकली."

"काढून टाकली," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. त्यांच्या रागाची मला सवय होती, पण हा राग मी कधी पाहिलेला नव्हता. "प्राध्यापकीण बाई, इहीर काढून टाकली तुमी? देव उचलता येतेत. पंजे उचलता येतेत. मानसं उचलून कुटं बी न्हेऊन ठिवता येतेत. इहीर उचलता येती का? कुनाच्या बापाला उचलली ती? आख्ख्या नकाशात येक तीच खरी व्हती, आन् तीच तुमी काढली?" ओट्यावरची बाई बाहेर आली. दोन म्हातारे चावडीवरून उठून आले.   चाचा ओट्याच्या कडेला बसले, मिरच्या बाजूला सारून, आणि त्या बाईनं न विचारता पाणी आणून दिलं.

पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं. जमलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं मान हलवून दुजोरा दिला, त्याला सगळं आठवत होतं. नवं गाव आखायचं काम चाललं होतं तेव्हा चारपाच वडीलधारी माणसं चाचांच्या तंबूवर आली होती. मारुतीची मूर्ती, मठातली पालखी आणि आशुरखान्यातले पंजे त्यांनी मातीतून उकरून काढले होते. म्हणाली, "साहेब, आमाला घरं कुटं बी द्या. पर पालखी मठातनं निघून मारुतीला येती, मारुतीपसून आशुरखान्याला. देवाला रस्ता चुकाय नगं. तितकीच पावलं ऱ्हाऊ द्या." इंजिनियरच्या आराखड्यात देवळांसाठी एका कोपऱ्यात एकच प्लॉट होता. चाचांनी दप्तरातून तो घरवार नकाशा मागवला आणि इंजिनियर जेवायला गेले की मोजणीची साखळी लावून एकेका देवाची आणि चावडीचीही जागा मोजली. तेच अंतर, तीच दिशा. नंतर नकाशा परत गेला तो गेलाच. चाचा म्हणाले, "सगळं हितंच मोजलंय मी. येका हाताचा फरक पडू दिला न्हाई. तुज्या काम्प्युटरला वाटलं हेच गाव. त्याची काय चूक हाय. मीच त्याला फसवलं, बेटी."

मी विचारलं, तेव्हा नकाशा हातात होता तर आपाचं घर का नाही पाहून ठेवलं. ते म्हणाले, "त्या घरावर बोट ठिवायची हिंमत झाली न्हाई." आणि ते पुन्हा चिडले, यावेळी स्वतःवर, आणि आम्ही गाडीत बसलो.

विहीर होती. ओढ्याच्या वळणावर, त्यांनी दाखवली होती तिथंच, दगडी बांधकामाची, आत विजेची मोटार सोडलेली. जिथं गाव होतं तिथं खांद्याएवढी तूर उभी होती, पिवळ्या फुलांवर आलेली. तूर राखणारी एक बाई बांधावर गवत कापत होती. जुन्या गावाची जागा बघायची आहे असं तिला सांगितलं, तर म्हणाली, "हाव, ही गावइहीरच. हिचंच पानी देऊन राहिलो आमी. जावा की आत, कोन काय म्हनतंय." मी तुरीत शिरायला निघाले. चाचांनी माझा दंड धरला. "उभ्या पिकात मोजणी करत न्हाईत," ते म्हणाले. तो मोजणी खात्याचा दस्तूर होता हे मला ठाऊक होतं, पण ते तेवढंच नव्हतं. चाचा घाबरले होते. इतकी वर्षं जिथं जायचं म्हणून ते जगावर चिडत राहिले, तिथं जायची पाळी आल्यावर त्यांचे पाय उचलेनात.

तुरीतून पाण्याचे पाइप उगवतीकडं टाकलेले होते, प्रत्येक पाइप वीस फुटांचा. चाचांनी माझ्या हातातला कागदी नकाशा मागून घेतला, विहिरीपासून आपाच्या उंबऱ्याचं अंतर काढलं, विहिरीच्या कठड्यावर उभे राहिले आणि त्या बाईला म्हणाले, "बाई, इळा ठिव आन् पाइपाच्या कडंनं जा. सातवा पाइप संपला की थांब." ती गेली. तिचं डोकं आणि खांदे तेवढे तुरीवर दिसत होते, उन्हासाठी पदर कपाळापर्यंत ओढलेला. सातव्या पाइपाला ती थांबली आणि वळून पाहू लागली. मग चाचांनी हात वर केला. मोजणीत झेंडीवाल्याला नेमक्या जागी सरकवतात तसे हातानं इशारे केले: जरा तिकडं, अजून, पुरे, अर्धं पाऊल मागं. तीही न कंटाळता सरकत राहिली. मग चाचांचा हात हवेतच थांबला.

त्यांनी नकाशाची घडी करून मला दिली. दोन्ही हात छातीसमोर उघडले. ओठ हलत होते. मी मान खाली घातली, कारण मला त्यांच्याकडं बघायचा हक्क नव्हता.

तुरीतून त्या बाईचा आवाज आला, "आता काय करू, बाबा?"

चाचा म्हणाले, "काय नगं. जरा उभी ऱ्हा."

तिला घाई होती. गवताचा भारा बांधायचा राहिला होता, घरी म्हैस धारेची वाट बघत असणार. तरी ती उभी राहिली.